संगमरवराला लिंबू चालत नाही

टिनोस,
जूनची अखेर

प्रिय पोपी,

तुझा खोका परवाच्या बोटीने पोचला. चॉकलेटं पोचली, बाबांचे लोकरी मोजे पोचले (जूनमध्ये लोकरी मोजे, असो), गंज काढायची ती निळी बाटली पोचली आणि बाटलीला रबरबँडने गुंडाळलेला तुझा सल्लाही पोचला. 'रसायन नको वाटलं तर साधं लिंबू आणि मीठ चोळ, अर्धा तास ठेव, धुऊन टाक. घरगुती, नैसर्गिक, एकदम सुरक्षित.' मी ते स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं आणि मग खुर्ची ओढून बसले. इसिदोरोस पाथरवटाची सख्खी मुलगी मला संगमरवराला लिंबू लावायला सांगते आहे. स्टुटगार्टच्या पाण्यात असं काय आहे गं, की बापाच्या अंगणातली फरशी कशाची आहे हेच माणूस विसरून जातं?

रागावू नकोस. किंवा रागाव, मला काही फरक पडत नाही, मी गेले कित्येक महिने एकटीच रागावते आहे, सोबत मिळेल. हे सगळं फोनवर का नाही सांगितलं असं तू विचारशील. सांगायला गेले होते. ईस्टरच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. दोन्ही वेळा तू म्हणालीस की माझ्याशी तर बाबा छान बोलले, तूच जरा दमली आहेस, आर्गिरो. दमले आहेच. पण दमलेल्या बाईला दिसत नाही असं कुणी सांगितलं? शिवाय फोन बाबांच्या खुर्चीशेजारी असतो, आणि मोबाइल घेऊन मी गच्चीवर गेले की खालून शेजारची मारुसाकाकू विचारते, कुणाशी बोलतेस, काय झालं, कोण गेलं. कागदाला मधे तोडता येत नाही. तू 'हो, पण' म्हणेपर्यंत माझं सांगून झालेलं असेल. म्हणून कागद.

सुरुवात डब्यांपासून झाली. खानावळीतून चीजचे आणि ऑलिव्ह तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे आणायचे, बुडाला खिळ्याने भोकं पाडायची आणि त्यात सब्जा नाहीतर जिरेनियम लावायचं, हे आपल्या गावात कोण करत नाही? आईही करायच्या. पण आई डब्याखाली बशी ठेवायच्या. त्या गेल्यावर हे खातं बाबांनी आपल्याकडे घेतलं आणि बश्या बंद झाल्या. डबा थेट फरशीवर, थेट खिडकीच्या पट्टीवर, थेट विहिरीच्या काठावर. सकाळी पाणी घालायचं. थोड्या वेळाने पुन्हा घालायचं. दुपारी मी झोपले की तिसऱ्यांदा. मी म्हटलं, बाबा, सब्जा कुजेल. ते म्हणाले, आज तर घातलंच नाही अजून, माती बघ किती कोरडी आहे. माती चिखल झालेली. सब्जा कुजलाच, आणि डबा उचलला तर खाली फरशीवर विटकरी चौकोन. एक नाही. सगळं अंगण असं दिसायला लागलं, जणू पोरांनी खेळायला घरं आखलीत.

कपड्यांचं तर विचारूच नकोस. दोरी मोकळी असताना ओला शर्ट अंगणातल्या लोखंडी खुर्चीच्या पाठीवर वाळत घालायचा, ही त्यांची नवी पद्धत. प्रत्येक शर्टाला खांद्यापासून खांद्यापर्यंत गंजाची पट्टी. कपड्याला मी घाबरत नाही. डाग ओला करायचा, वर मीठ, मिठावर लिंबू पिळायचं आणि कपडा उन्हात सपाट पसरायचा, वाळला की पुन्हा पिळायचं. आपलं ऊन निम्मं काम करतं. मारुसाकाकू लिंबाऐवजी कच्च्या द्राक्षांचा रस वापरते, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे सगळ्या बेटावर पांढरे कपडे फक्त तिच्या घरात आहेत. तेही करून पाहिलं, जातो डाग. फक्त ब्लीच लावायचं नाही, त्याने गंज धाग्यात कायमचा बसतो. हे मी तुझ्या भावाला सांगितलं होतं. थोदोरी बोटीवरून सुट्टीवर आला, त्याने आपल्या गणवेशाच्या शर्टावरची पट्टी पाहिली आणि मला त्रास नको म्हणून, प्रेमाने, अख्खी बाटली ब्लीच ओतली. शर्ट आता नारिंगी आहे. बोटीच्या इंजिनातला प्रत्येक स्क्रू त्याला नावाने माहीत आहे, पण घरात कुठल्या वस्तूला काय चालत नाही हे मी रोज सांगायचं.

पण कापड वेगळं आणि दगड वेगळा, आणि हे मला शिकवलं कुणी? मी लग्न होऊन इथे आले तेव्हा मला संगमरवर म्हणजे फक्त चर्चच्या पायऱ्या माहीत. आमच्या कार्डित्साकडे सगळी काळी माती, दगड पाहायला डोंगर चढावा लागतो. दुसऱ्याच दिवशी मी मासळी तळली आणि लिंबू कापून तसंच ओट्यावर ठेवलं. बाबा पाणी प्यायला आत आले. ओरडले नाहीत. माझ्या हातातली सुरी काढून घेतली, लिंबू उचललं, त्या जागी ओलं फडकं दाबलं आणि मग माझं बोट धरून त्या जागेवरून फिरवलं. बोटाला खरखर लागली. ते म्हणाले, हा दगड म्हणजे समुद्रातले शिंपलेच आहेत, पोरी, दाबून दाबून दगड झालेत, आंबट लागलं की विरघळतात. तुम्ही दोघं भावंडं तेव्हा जेवायच्या टेबलाशी बसून हसत होतात. तूच मला नंतर सांगितलंस की लहानपणी तू त्यांच्या नव्या कोरलेल्या फरशीवर अर्धं लिंबू ठेवून खेळायला गेली होतीस आणि ते आठवडाभर तुझ्याशी बोलले नव्हते. या घरात लिंबू बशीतच कापलं जातं. बशीतच पिळलं जातं. पाहुण्यांनासुद्धा सांगितलं जातं. आणि आता तू मला रबरबँड लावून सल्ला पाठवतेस.

तर मे महिन्यात मी दवाखान्यातून माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन घरी आले. बाबा अंगणात गुडघ्यांवर बसलेले. शेजारी मिठाची बरणी आणि लिंबांच्या फोडींचा ढीग. एकेक चौकोन घासत होते, दोन्ही हातांनी, जोर लावून. आणि पोपी, फरशी फसफसत होती. मला तो आवाज अजून येतो. जिथे जिथे घासलं होतं तिथली चमक गेली होती, दगड आजारी माणसाच्या डोळ्यासारखा दिसत होता. मी ओरडले. मी या घरात इतक्या वर्षांत कधी ओरडले नव्हते. ते मान वर करून म्हणाले, अगं, डाग जातोय बघ. खुशीत होते. मला वाटलं, मुद्दाम करतायत. डब्यांवरून मी बोलले होते ना, त्याचा सूड. मी नळी घेऊन सगळं धुऊन काढलं आणि दोन दिवस त्यांच्यासमोर ताट ठेवून आत निघून गेले, एक शब्द न बोलता.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी लिंबं लपवायला सुरुवात केली. ग्रीक घरात लिंबं लपवायची म्हणजे काय असतं याची कल्पना कर. वॉशिंग मशीनमध्ये ठेवली, तिथे मीच विसरले आणि टॉवेलांबरोबर धुतली. पलंगाखाली ठेवली, त्यांना सापडली. अंगणातलं झाड मी एका सकाळी पार ओरबाडून काढलं, हिरवी, पिवळी, कळ्यासुद्धा. गावाने पाहिलं. मारुसाकाकूला वाटलं आमच्याकडे लिंबं संपली, बिचारे इसिदोरोस सूपात काय पिळणार, म्हणून तिने पिशवीभर आणून दिली, त्यांच्या हातात. मी तिला बाजूला घेऊन समजावलं. तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पिशवी. विचारलं तर म्हणते, अगं, त्यांनी मागितली, मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? आमच्याकडे मासळी लिंबाशिवाय खाल्ली जाते आहे, पोपी. सूप लिंबाशिवाय पितो आहोत. मग त्यांनी व्हिनेगर शोधलं. ते त्यांच्याकडे हक्काने होतं, कारण जुन्या छिन्न्यांचा गंज काढायला कामाच्या खोलीत व्हिनेगरचं भांडं कायमच असतं, त्यात रात्रभर भिजवायच्या आणि बटाट्याच्या फोडीने मीठ लावून घासायच्या. लोखंडाला ते उत्तमच. पण भांडं उचलून ते खिडकीच्या पट्टीवर ओततील हे माझ्या डोक्यात कसं यावं?

थोदोरीला सांगितलं. तो म्हणाला, वय झालंय, तू मनावर घेऊ नकोस. आणि सहा दिवसांसाठी बोटीवर निघून गेला. तुला सांगितलं तेव्हा तू काय म्हणालीस ते वर लिहिलंच आहे. तुम्ही भावंडं अगदी सारखी आहात. एक बोटीवर, एक जर्मनीत, आणि दोघांनाही बाबा छान आहेत असं दुरून दिसतं. डोंगरही दुरून छानच दिसतो.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. आपल्या दारावरची ती अर्धगोल संगमरवरी जाळी. जहाज, खाली लाटा, दोन्ही बाजूंना पक्षी. तू जर्मनीला गेलीस त्या हिवाळ्यात बाबांनी केली होती, कुणी करायला सांगितली नव्हती, विकायची नव्हती. बाकी सगळी कामं चर्चना गेली, कबरींना गेली, अथेन्सच्या श्रीमंतांना गेली. आपल्या घरावर ही एकच. ती भिंतीत धरून ठेवायला आत एक लोखंडी आकडा आहे, आणि या हिवाळ्याच्या पावसात तो गंजायला लागला. डोलकाठीच्या टोकापासून एक विटकरी ओघळ निघाला, शिडावरून उतरून खाली लाटांपर्यंत. मी पाहिला होता. मी मुद्दामच त्याबद्दल काही बोलले नाही, कारण बोलले असते तर त्यांनी वर पाहिलं असतं.

त्यांनी वर पाहिलंच. दोन आठवड्यांपूर्वी मी बेकरीतून पाव घेऊन गल्लीच्या तोंडाशी आले आणि पाहिलं तर दाराला शिडी लावलेली, शिडीवर बाबा, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, पायात घरातल्या सपाता. एका हाताने शिडी धरलेली, दुसऱ्या हाताने लिंबू चोळत होते. मनगटावरून रस ओघळत होता. मी पाव गल्लीत टाकला आणि धावले. ओरडायचं होतं. गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडायचं होतं. पण ओरडले तर ते दचकतील, म्हणून मी फक्त शिडी धरली, दोन्ही हातांनी, आणि उभी राहिले. वरून माझ्या केसांवर लिंबाचा रस आणि पांढरं पाणी टपकत होतं. शिडाच्या कडा इतक्या धारदार होत्या ना, आपण लहान पोरांना बोट लावू द्यायचो नाही. त्या गोल झाल्या होत्या. डावीकडच्या पक्ष्याचा डोळा गेला होता. नुसती गुळगुळीत जागा.

मग ते थांबले. तळहात जहाजावर ठेवला आणि खाली माझ्याकडे पाहिलं. अगदी शांतपणे, एखाद्या जाणकाराने विचारावं तसं त्यांनी विचारलं, "हे कुणाचं काम आहे?"

मला आधी कळलंच नाही. मग ते पुन्हा वळून त्या जाळीकडे पाहत म्हणाले, "हात चांगला होता त्याचा. शिडात वारा भरलाय, बघ."

मी शिडी धरून उभी. मी म्हटलं, आधी खाली या, जेवण निवतंय. जेवण झालंच नव्हतं, जेवणाचा पाव गल्लीत पडला होता आणि मारुसाकाकूची मांजर तो हुंगत होती. ते उतरले, एकेक पायरी, हात धुतले, टेबलाशी बसले. मी शिडी उचलून मारुसाकाकूच्या परसात नेऊन टाकली आणि तिथेच कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून जे काय रडायचं ते रडून घेतलं. ते सूड घेत नव्हते, पोपी. हट्टही करत नव्हते. मी महिनाभर एका माणसाशी भांडत होते आणि तो माणूस तिथे नव्हताच, निदान त्या वेळी तरी नव्हता.

त्याच आठवड्यात मी बंदरावर डॉक्टरांना भेटायला गेले, एकटी. ते म्हणाले, बाबांना घेऊन या, सिरोस बेटावरच्या मोठ्या दवाखान्यात तपासण्या करून घेऊ. जे मला वाटतं तेच त्यांनाही वाटतं, त्यांनी फक्त लांब नावाने सांगितलं. दुपारी परत आले. बाहेरचे कपडे, डोक्याला रुमाल, हातात पर्स. बाबांच्या कामाच्या खोलीचं दार उघडं होतं, ते बाकावर बसून छिन्नी पुसत होते. मी दारात उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टोपी काढली, स्टूल फडक्याने पुसलं आणि म्हणाले, "या ताई, बसा. काय काम होतं?"

खरं सांगते, मी ओरडणार होते की बाबा, मी आर्गिरो. तोंडाशी आलं होतं. पण त्यांनी इतकं नीट स्टूल पुसलं होतं. आणि मी इतकी थकले होते. मी बसले. पर्स मांडीवर ठेवली आणि म्हटलं, मास्तर, आमच्या दारावरच्या संगमरवरावर गंज उतरलाय. आणि घरात कुणीतरी त्याला लिंबू चोळलंय.

त्यांचा चेहरा उतरला. लिंबू कुणी लावलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझ्या सासऱ्यांनी. त्यांनी हातातली छिन्नी बाकावर ठेवली. मग म्हणाले, "वय झालं असेल त्यांचं. त्यांच्यावर ओरडू नका, ताई. डाग दिसला की पुसायला हात जातोच माणसाचा."

मी मान खाली घातली. आणि मग त्यांनी मला उपाय सांगितला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकदाही न अडखळता. लिंबाचा रस घ्या पण आधी त्याची आंबट जीभ कापा, म्हणजे त्यात खायचा सोडा घाला, चिमटी चिमटीने, फसफस थांबेपर्यंत, आणि थांबली तरी आणखी एक चिमूट. आता ते दगडाला खात नाही, पण गंजाला धरतं. त्यात थोडं ग्लिसरीन. मग खडूची पूड, घट्ट दह्यासारखं होईपर्यंत. डागावर बोटभर जाड थापा, ओल्या फडक्याने झाका, फडकं सुकू देऊ नका. काही दिवसांनी लाकडाच्या पट्टीने काढा, लोखंडाच्या नाही, आणि स्वच्छ पाण्याने धुवा. एकदा लावून जाणार नाही, पुन्हा लावा. घाई करणाऱ्याने दगडाच्या वाट्याला जाऊ नये, असं म्हणून मला दारापर्यंत सोडायला आले. कुणाच्या घरचं काम आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, इसिदोरोसांच्या. ते म्हणाले, ऐकलंय नाव.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ग्लिसरीन आणलं, मारुसाकाकूच्या नातवाचे शाळेचे खडू वरवंट्याने कुटले आणि कढई घेऊन अंगणात बसले. बाबा आले, वाकून पाहिलं आणि खेकसले की हे काय पातळ पाणी केलंयस, कार्डित्साच्या पोरी, दगडाला सूप पाजतेस का? कढई माझ्या हातातून ओढून घेतली. आम्ही दोघांनी मिळून लावलं, आधी अंगणात, मग थोदोरी आल्यावर त्याला शिडीवर चढवून जाळीवर. बाबा खालून सूचना देत होते आणि तुझा भाऊ वरून 'हो बाबा, हो बाबा' करत होता. रोज सकाळी फडकी ओली करायचं काम मी बाबांना दिलं आहे. आता सब्जाला पाणी घालायला विसरतात, ते बरंच झालं. अंगणातले चौकोन फिकट झालेत, पण लिंबाने गेलेली चमक काही येत नाही. जहाजावरचा ओघळ निम्म्याहून जास्त उतरला. आकडा आत आहे तोवर तो पुन्हा येणार. पक्ष्याचा डोळा तसाच. थोदोरी म्हणाला, नवा कोरून घेऊ कुणाकडून तरी. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा ते बोलला नाही.

आता, पोपी, हे सगळं कशासाठी लिहिलं. बाटलीबद्दल आभार मानायला नाही, ती मी मारुसाकाकूला देऊन टाकली आहे. दर रविवारी तू फोन करतेस, ते तुला पोरी म्हणतात, तिकडे थंडी आहे का विचारतात, जपून राहा म्हणतात, आणि तू मला सांगतेस की बाबा छान बोलले. छानच बोलतात. फोन ठेवला की मला विचारतात, कोण होती गं ही बाई, किती गोड बोलते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. आता दर रविवारी विचारतात. तुला हे कसं सांगायचं ते मला येत नव्हतं, म्हणून मी डब्यांपासून सुरुवात केली. ऑगस्टची वाट बघू नकोस, ऑगस्टमध्ये पाहुणी होऊन येऊ नकोस, आत्ता ये आणि महिनाभर राहा, म्हणजे सिरोसला तू त्यांच्याबरोबर जाशील आणि मला आठ दिवस माझ्या आईकडे जाऊन नुसतं झोपता येईल. आलीस की ते टोपी काढतील, तुझ्यासाठी स्टूल पुसतील, तुला ताई म्हणतील. ते अनोळखी माणसांशी हल्ली फार नीट वागतात. माझ्यावर रोज खेकसतात, मीठ कमी पडलं, फडकं नीट पिळलं नाही, कार्डित्साच्या पोरींना काही येत नाही, आणि मी ते सगळं गपचूप ऐकून घेते. तू आल्यावर एखाद्या दिवशी ते तुझ्यावरही असेच खेकसले, तर वाईट वाटून घेऊ नकोस. धावत येऊन मला सांग. त्या वेळी त्यांना तू कोण ते कळलेलं असेल.

तुझ्यावर चिडलेली आणि तरीही तुझीच,
आर्गिरो